एका टीव्हीचे तीन रिमोट

घरात टीव्ही एक आणि रिमोट तीन, ही आता आमच्या आखाडा बाळापूरसारख्या गावातही नवलाई राहिलेली नाही. एक टीव्हीचा, दुसरा छत्रीच्या सेट टॉप बॉक्सचा, तिसरा मुलाने पुण्याहून आणलेल्या साउंडबारचा. तिन्हींना प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबर. पंचाईत होते ती भरदुपारी. मुलं-नातवंडं बाहेर असतात आणि पंचाहत्तरीच्या आजीला एकटीने मालिका लावायची असते. नको ते बटण दाबलं जातं, पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजीत 'नो सिग्नल' येतं आणि कुंपणापलीकडून हाक येते, "भाऊ, जरा टीव्ही लावून द्या न!"

बँकेत अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या स्लिपा भरून देण्यात गेलं, त्यामुळे अशा हाकेला ओ देणं मला जड जात नाही. पण स्लिप भरून मागणाऱ्याचा चेहरा मी काउंटरच्या आतून पाहिलेला आहे. साध्या गोष्टीसाठी रोज दुसऱ्याचं तोंड पाहावं लागणं माणसाला आतून खातं. म्हणून हा विषय मी किरकोळ मानत नाही.

मुलांचा उपाय ठरलेला असतो : "मोबाइलवर अ‍ॅप टाका." अ‍ॅप उत्तम, पण मोबाइल मालकाबरोबर शेतात जातो आणि टीव्ही घरी मुका बसतो. वायफायवर चालणारी एक डबीही मिळते. मोबाइलवरून हुकूम सोडला की ती इन्फ्रारेड किरणांनी तो टीव्हीला पोचवते. हौशी पोरं ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप, एक इन्फ्रारेड एलईडी आणि ट्रान्झिस्टर जोडून ती घरीच बनवतात. जरूर बनवावी, शिकायला छान आहे. पण लाइट जाऊन आली की आधी राउटर जागा व्हायला हवा, आणि बाजारातल्या कित्येक डब्यांना वर इंटरनेटही लागतं. तोवर मालिका संपते.

१९५६ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या कल्पनेतून एक रिमोट काढला, त्यात सेलच नव्हता! बटण दाबलं की आतली हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि कानाला न ऐकू येणारा नाद टीव्ही ओळखे. कारण मोठं व्यवहारी होतं. सेल उतरला तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला समजेल, ही विक्रेत्यांची धास्ती. आपल्या घरात काहीही जोडताना ही धास्ती बाळगावी, असं माझं मत आहे.

त्यापेक्षा तिनाचा एक रिमोट करता येतो का, ते आधी पाहावं. सेट टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी राखलेली दोन-चार बटणं असतात. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दोन्ही रिमोट समोरासमोर धरायचे, टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबायचं, की दुसरा ते शिकतो. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. साउंडबार एचडीएमआयच्या केबलने जोडलेला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधावं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. दोन्हीकडे ती सोय असली, की टीव्हीबरोबर साउंडबार आपोआप सुरू होतो आणि आवाजही एकाच रिमोटवर येतो.

रिमोट 'मेला' म्हणून फेकण्याआधी त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट लुकलुकतो. मागच्यात नाही दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. सगळ्या बटणांना दिसला तर दोष टीव्हीच्या बाजूला. एखाद्याच बटणाला दिसला नाही तर रिमोट उघडून रबराखालची काळी टिकली आणि खालची पट्टी कापसाने, स्पिरिट लावून पुसावी. टिकली झिजली असेल तर चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा तुकडा चिकटवून काम भागतं. (ही विद्या मला एका चौथीतल्या पोराने दिली.)

शेजारच्या काकूंच्या रिमोटवर आता पाचच बटणं उघडी आहेत. बाकी सगळ्यांवर जाड चिकटपट्टी, आणि चालू-बंदच्या बटणावर सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. परवा त्यांनी हाक मारली, ती चहाला. टीव्ही चालू होता.