भुयारातल्या हवेचे आकडे फलाटावर लावा

भुयारी मेट्रोच्या बोगद्यातील बरीचशी धूळ बाहेरून आलेली नसते, ती गाडीच तयार करते. पोलादी चाक पोलादी रुळावर घासते, ब्रेक झिजतात आणि लोहाचे अतिसूक्ष्म कण सुटतात. उघड्यावर ते वाऱ्याने पांगतात. बोगद्यात मात्र खाली बसतात आणि पुढची गाडी हवा ढकलत आली की पुन्हा उडतात. लंडनच्या सर्वांत खोल हॅम्पस्टेड स्थानकात पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आढळले होते. भारतात मोकळ्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा ६० आहे.

या दोन आकड्यांची थेट तुलना मात्र करू नये. वीस मिनिटांचा प्रवास म्हणजे चोवीस तास नव्हे, शिवाय लोहकण डिझेलच्या काजळीइतके घातक आहेत का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण मोटरमन, सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि रात्री रुळांवर काम करणाऱ्या टोळ्या आठ-आठ तास तीच हवा घेतात. त्यांच्यासाठी तरी मोजणी हवीच.

मुंबईची मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी अशी सुरू झाली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोहोचली. तिच्या २७ स्थानकांपैकी फक्त आरे जमिनीवर आहे. पुण्यात सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. दोन्ही बोगदे नवे आहेत, म्हणूनच मोजणीची वेळ आत्ता आहे. आजची नोंद नसेल तर दहा वर्षांनी हवा बिघडली की सुधारली, हे कशावरून ठरवायचे?

मुंबईत फलाटावर काचेचे सरकते दरवाजे आहेत, डबे वातानुकूलित आहेत, मग काळजी कसली, असे म्हटले जाईल. दरवाज्यांनी फलाट वाचतो हे खरे, पण धूळ बोगद्यातच कोंडते आणि गाडी तर बोगद्यातूनच धावते. सोलमध्ये असे दरवाजे बसवल्यावर डब्यांतील धूळ वाढल्याचे संशोधकांना आढळले होते. दक्षिण कोरियात भुयारी स्थानकांच्या हवेसाठी कायदेशीर मर्यादा आहेत. आपली २००९ची राष्ट्रीय मानके जमिनीवरच्या मोकळ्या हवेपुरतीच आहेत.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या राजूरला याचे काय, असा प्रश्न रास्त आहे. काळीपिवळी जीपने जालन्याला जाताना नाकातोंडात जाणारा धूर तरी कोण मोजतो? पण तो निदान दिसतो. राजुरेश्वर गणपतीच्या गावचा माणूस सिद्धिविनायकाला निघाला तर दादरला उतरून आता याच भुयारात शिरू शकतो. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात गेलेली इथली मुले तर रोजच शिरणार. शिवाय जालना शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवेचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही.

मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन आणि पुणे मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोने फलाटावर, डब्यात आणि मोटरमनच्या केबिनमध्ये पीएम २.५ मोजणारी उपकरणे बसवावीत. पुढची गाडी किती मिनिटांत येणार हे दाखवणाऱ्या पडद्यावरच ताशी आकडा दाखवावा. वातानुकूलन यंत्राची गाळणी कधी बदलली आणि बोगद्यातील धूळ यंत्राने कधी ओढून काढली, याच्या तारखाही जाहीर कराव्यात. उपकरणांची तपासणी मात्र मेट्रोकडे न ठेवता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी.

– एक वाचक, राजूर (ता. भोकरदन, जि. जालना)