सिंधूचं बाळ जगलं असतं तर

रात्री दोनला सर्व्हर पडला की टीममध्ये सगळ्यात शांत मी असतो. मॅनेजर कौतुक करतो. त्याला काय सांगू? माझी नाइट ड्युटी चौथीपासून चालू आहे. जिन्यात चपला कशा वाजतात त्यावरून आज जेवण होणार की ताट भिरकावलं जाणार, हे मला कळायचं.

बाबांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली. तरी अजून कुणी दार आपटलं की मी आधी सॉरी म्हणतो. हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं : "आता सगळं नीट आहे ना? मग कशाला उकरून काढतोस?"

मराठी माणूस दारूवर कमी बोललेला नाही. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. सुधाकर आपल्याला पाठ आहे, सिंधूसाठी आपण शंभर वर्षं रडतोय. आणि त्यांचं बाळ? ते बापाच्या हातून मरतं. खऱ्या घरांतली बाळं मात्र जगली, शिकली, नोकरीला लागली. त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं?

मदतीचंही तेच. पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ पासून आहे, कुटुंबीयांसाठी अल-अनॉन १९५१ पासून. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं. तिथं बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. अशा घरांतून मोठ्या झालेल्यांचे वेगळे गट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उभे राहिले. त्यातल्याच एका ऑनलाइन मीटिंगला मी बसतो. इंग्रजीत. तिथं कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आमच्या नातेवाइकांना एवढं जमलं असतं तर!

आक्षेप माहीत आहेत. त्या गटांची १४ लक्षणांची यादी आहे, तीत कुणीही बसेल. मान्य. हे गट म्हणजे उपचार नव्हेत, हेही मान्य. पण मी यादीसाठी जात नाही. चपलांचा आवाज म्हटल्यावर तिथं पुढचं समजावून सांगावं लागत नाही, म्हणून जातो.

फक्त एक अडचण आहे. 'ट्रॉमा' हा शब्द मी इंग्रजीत सफाईने वापरतो. "बाबा, मला तुमची भीती वाटायची," हे साधं मराठी वाक्य अजून तोंडातून निघालेलं नाही. मार मराठीतच खाल्ला होता.

बाबांच्या दारूमुक्तीचा वाढदिवस दरवर्षी साजरा होतो. टाळ्या मी मनापासून वाजवतो. त्याच इमारतीतली एक खोली, आठवड्यातून एक तास, आम्हाला द्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्यासारखे बरेच असतात.