पान नेलं कुणी?



गेल्या जूनमध्ये आमच्या वर्गाच्या कपाटात मी चित्रकलेच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. बरोबर १०० कागद. लागतील तेवढे न्यायचे, उरलेले परत आणून ठेवायचे. पंधरा दिवसांनी पाहते तर कपाटात फक्त ९! विचारलं तर एकजण म्हणाला, "मला मॉनिटरनं पाठवलं होतं." मॉनिटर म्हणाला, "मला चौथीच्या ताईनं सांगितलं." ताई म्हणाली, "मला बाईंनी." झालं! म्हणजे नुसतं नेणाऱ्याचं नाव कळून भागत नाही. त्याला कुणी धाडलं, त्या धाडणाऱ्याला कुणी, अशी सगळी साखळीच हवी.

अगदी हाच पेच कॉम्प्युटरच्या पोटातही पडतो बरं का! फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली 'लिनक्स' नावाचं कर्नेल लिहायला घेतलं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या घरी अँड्रॉइडचा मोबाइल असेल, तर त्याच्या आतही हेच लिनक्स आहे. मेमरीचं कपाट सांभाळणं हे कर्नेलचं एक मोठं काम. ही मेमरी तो पानापानानं वाटतो आणि त्यांना म्हणतातही 'पेज'च! बहुतेक कॉम्प्युटरांत एक पान ४,०९६ बाइटचं असतं. ४ जीबी मेमरी असेल तर किती पानं? करा भागाकार. १०,४८,५७६!

आपला कागद रंगवला की संपला. मेमरीचं पान मात्र पुन्हापुन्हा वापरायचं असतं, म्हणून ते परत यायलाच हवं. कर्नेलच्या एखाद्या भागात चूक असली, की तो पानं नेतो आणि परत करायचं विसरतो. याला म्हणतात गळती. मशीन आज चालतं, उद्या चालतं, मग हळूहळू रेंगाळतं आणि एक दिवस पानंच उरत नाहीत. दिवसरात्र चालणारं मशीन असेल तर केवढी पंचाईत!

हा चोर पकडायला 'पेज ओनर' नावाचं साधन आहे. ओनर म्हणजे धनी. प्रत्येक पानापुढे ते धाडणाऱ्यांची साखळी लिहून ठेवतं. गंमत म्हणजे हे साधन कितीतरी वर्षं अँड्र्यू मॉर्टन यांच्या संग्रहात नुसतं पडून होतं. जूनसू किम या अभियंत्याच्या कंपनीत ते रोज वापरात होतं, म्हणून त्यानं मनावर घेतलं आणि २०१५ साली आलेल्या लिनक्सच्या ३.१९ या आवृत्तीत ते रीतसर दाखल झालं. मशीन सुरू करतानाच ते चालू करावं लागतं, एरवी बंद. वही सकाळीच उघडायला हवी ना!

पण वहीच फार जाड झाली. एका पानामागे ८८ बाइटची नोंद, म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर ९ कोटी २२ लाख बाइट नुसत्या नोंदीतच गेले. ज्याच्याकडे मेमरी आधीच तोकडी, त्यानं हे साधन लावायचं कसं? आणि एवढं करूनही साखळीच्या फक्त ८ कड्या मावायच्या.

२०१६ साली किमनंच त्यावर तोड काढली. त्यानं पाहिलं, की पानं लाखो असली तरी साखळ्या त्याच त्याच येतात. मग दर पानापुढे अख्खी साखळी कशाला गिरवायची? साखळ्यांची वेगळी वही केली, प्रत्येक साखळी तीत एकदाच लिहिली आणि पानापुढे टाकला नुसता तिचा क्रमांक. नोंद ८८ वरून २४ बाइटवर आली! नवी वही जमेस धरूनही खर्च ७२ टक्क्यांनी घटला. कड्यांनाही जागा झाली. आज १६ मावतात.

यात एक मजेदार खोच होती. नव्या वहीला लागणारं पानही त्याच कपाटातलं! ते नेलं की त्याची नोंद आली, नोंदीसाठी पुन्हा पान, पुन्हा नोंद... संपायचंच नाही. म्हणून अशी वेळ आली, की साखळी न लिहिता एक ठरलेला खोटा क्रमांक टाकायचा, असं ठरवून टाकलं. मला तर सगळ्यात जास्त हेच आवडलं.

२०१९ साली पान परत करणाऱ्याची साखळीही जपायला सुरुवात झाली. परत केलेल्या पानावर कुणी तरी नंतर गुपचूप खरडलं, तर आधी ते कुणाकडे होतं हे कळायला नको? आणि २०२४ मध्ये आणखी एक सोय झाली: कोणत्या साखळीकडे आत्ता किती पानं अडकलीत, याची थेट यादी. अमुक आकड्याच्या वरच्याच साखळ्या दाखव, असंही सांगता येतं. नाहीतर लाखो नोंदी चाळत बसा! मात्र भरपूर पानं घेणारा चोरच असेल असं नाही. त्याचं कामच मोठं असू शकतं. ते माणसानंच तपासायचं.

मग मीही आमच्या कागदांचा हिशेब तसाच मांडला. पाच साखळ्या निघाल्या. चार लहानसहान होत्या. पाचवीकडे ५२ कागद होते, आणि तिचं टोक होतं, "मला बाईंनी." भित्तिपत्रकासाठी मीच मागवलेले ते कागद टेबलाच्या खालच्या खणात तसेच पडले होते.