पास्त्याचं वाळवण

मी आयुष्यातला पहिला पास्ता कुकरला लावला होता. दोन शिट्ट्या. झाकण उघडलं तेव्हा आत खळ होती. पतंग चिकटवायला उत्तम. वर टोमॅटो सॉसची बाटली रिकामी केली, चीज किसलं आणि सगळ्यांना वाढलं. बाकीच्यांनी मुकाट्याने खाल्लं. आत्याने मात्र दुसऱ्याच घासाला चमचा खाली ठेवला. म्हणाली, "वरचं ठीक आहे रे, पण हे आतलं कशाचं आहे?"

तेव्हा प्रश्न झोंबला. आता वाटतं, पास्त्याला विचारावा असा तोच एक प्रश्न आहे. आपल्याकडे हॉटेलात बसल्या बसल्या विचारतात, "रेड की व्हाइट?" दोन्ही नको असतील तर 'पिंक' आहेच. गहू कुठला, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

आत्याचा तो अधिकार होता. तिच्या वाड्यात दर उन्हाळ्यात शेवयांचं यंत्र बाकाला आवळलं जाई. एकजण दांडा फिरवणार, दुसरी खाली काठी धरून पडणाऱ्या शेवया झेलणार, मग त्या काठ्या माजघरात दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या. ऊन नको, सावली हवी, पण वारा खेळता हवा. आणि रवा बन्सी गव्हाचाच, नाहीतर शेवई तुटते, हा तिचा हट्ट. बन्सी म्हणजे डुरम जातीचा गहू. इटलीतही हाच हट्ट आहे, तिथे फक्त त्याचा कायदा झाला: 1967 पासून सुका पास्ता डुरमच्या रव्याचाच हवा. दाणा कठीण, प्रथिनं भरपूर, म्हणून उकळत्या पाण्यातही तो आपला आकार सोडत नाही. मैद्याचा पास्ता पाण्यात पडला की विरघळायचंच मनावर घेतो.

नेपल्सच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी ग्रान्यानो नावाचं गाव आहे. ओढ्यांवर पिठाच्या गिरण्या, एकीकडून समुद्राचा वारा, दुसरीकडून डोंगराचा. पूर्वी तिथल्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना बांबूच्या काठ्यांवर पास्ता लोंबत असे. जुन्या छायाचित्रांत रस्त्याकडेला पिवळ्या पडद्यांची रांग लागल्यासारखं दिसतं. आत्याला तो फोटो दाखवला तर तिने एवढंच विचारलं, "धुळीचं काय करत असतील?"

वाळवणं हे या धंद्यातलं खरं कसब. घाई केली तर वरचा थर कडक होतो, आत ओल राहते आणि नळी तडकते. रेंगाळलं तर पीठ आंबतं, बुरशी धरते. म्हणून जुने कारागीर पास्ता जरासा सुकवत, मग दमट, गार जागी विसावा देत, म्हणजे आतली ओल वर येई, आणि मग पुन्हा वाऱ्यावर टाकत. आज हे काम बंद खोल्यांत यंत्रं करतात. तरी चांगले कारखाने अजून कमी तापमानावर, वेळ देऊन सुकवतात आणि पीठ काशाच्या साच्यातून काढतात. त्याने पास्त्याचं अंग खरबरीत होतं, रस त्याला धरून राहतो. गुळगुळीत, चकचकीत पास्त्यावरून तो ओघळून ताटात तळं करतो.

मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तो व्हेनिसला परतला 1295 मध्ये. जेनोआत एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत 'माकारोनीने भरलेली पेटी' नोंदवली गेली ती 1279 मध्ये. त्याच्याही आधी, 1154 च्या सुमाराला, अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिलीतल्या त्राबिया गावी शेवयांसारखा पदार्थ बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. वाळवलेला, टिकणारा, म्हणून जहाजावर चढला. ओला असता तर गावच्या वेशीबाहेर गेला नसता.

आणि टोमॅटो? तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. शेवयांसारख्या बारीक पास्त्यावर टोमॅटो घालण्याची नेपल्सची पाककृती छापली गेली 1839 मध्ये, काव्हालकान्तीच्या पुस्तकात. म्हणजे त्राबियाच्या जहाजांनंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. मधल्या काळात नेपल्सची गरीब माणसं रस्त्यावर उभ्याने, वर किसलेलं चीज भुरभुरवून, हाताने पास्ता खात. मान मागे, हात उंच, तोंडात शेपूट सोडल्यासारखा. शिष्टाचाराचं सोडा, पण त्यांना गव्हाची चव कळत असणार.

माझा रोजचा पास्ता आता लसणाच्या फोडणीचा. इटलीत ते ज्याला 'आल्यो ए ओल्यो' म्हणतात तोच, नाव ऐकायला भारी आहे एवढंच. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, दहा ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळल्याशिवाय पास्ता टाकायचा नाही. दुसरीकडे मंद आचेवर ऑलिव्ह तेलात लसणाचे पातळ काप, सुक्या मिरचीचे तुकडे. लसूण तांबूस झाला की आच बंद, काळा झाला की सगळं फेकून पुन्हा. भातात कणी राहिली तर आपण नावं ठेवतो, इथे किंचित कणी राहायलाच हवी. म्हणून पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी उपसायचा आणि त्याच्याच वाटीभर पाण्यासह फोडणीत परतायचा. ते पिठूळ पाणी आणि तेल मिळून येतं, दुसरा सॉस लागत नाही. मी पूर्वी हे पाणी मोरीत ओतत असे. आठवलं की अजून हळहळतो.

आत्याला परवा असा पास्ता केला. तिने एक नळी दातांनी तोडली, मधोमध पाहिलं. "बन्सीचा आहे," म्हणाली, आणि ताटली पुढे केली.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. डुरम गव्हाचा रवा असं लिहिलं असेल तर घ्या. मैदा लिहिलं असेल तर परत ठेवा, आणि सॉसची बाटलीही.