समईला चिंच लावू नका

भाचीला नोकरीची जाहिरात सापडली आणि आमच्या घरातली शांतता गेली. जाहिरात एका वस्तुसंग्रहालयाची. नाव सांगत नाही, मला तिथे अजून पासावर फुकट जायचं असतं. पद सहायक अभिरक्षकाचं, जागा एक. म्युझिऑलॉजीची पदव्युत्तर पदविका हवी, मोडी वाचता यावी, फोटो काढता यावेत, शाळांच्या सहली हाताळता याव्यात, शिवाय इन्स्टाग्राम सांभाळावं. अनुभव किमान तीन वर्षांचा. नेमणूक अकरा महिन्यांची. मानधन ‘चर्चेअंती’. चर्चा झाली. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला तो आकडा सांगितला, तर त्याने सहानुभूती दाखवली.

शिक्षणाची सोय नाही असं नव्हे. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून या विषयाचा विभाग आहे. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता नोएडाला गेली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही पदविका देतं. दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात, जागा मात्र कुणीतरी निवृत्त झाल्यावर निघते, तीही निघाली तर.

आणि तो तीन वर्षांचा अनुभव आणायचा कुठून? संग्रहालयातूनच. तिथे शिरायला काय लागतं? अनुभव! मग मुलं इंटर्नशिप करतात, म्हणजे बिनपगारी राबतात. माझी भाची मामाकडे राहते, जेवते आणि नोंदवह्या भरायला जाते. नांदेडच्या मुलाला मुंबईत मामा नसेल तर त्याने कॉटचं भाडं कशातून भरायचं? त्यामुळे या क्षेत्रात आधी टिकतो तो घरून खाणारा. हुशारीचा नंबर त्यानंतर.

नातेवाइकांचा त्रास वेगळाच. ‘म्हणजे तिकिटं फाडायची का?’ हा प्रश्न मी या वर्षी प्रत्येक लग्नात ऐकला. एका काकूंनी तर ‘भुतं नाही ना दिसत तिथे?’ असंही विचारलं. पोरगी आधी समजावून सांगायची. हल्ली ‘दिसतात, पण पगार मागत नाहीत,’ म्हणते.

तिच्या शिक्षणाची खरी झळ बसली ती आमच्या सौभाग्यवतींना. आमच्याकडे एक समई आहे. सासूबाईंची, पितळेची, कमरेइतकी उंच. गौरी-गणपतीच्या आधी सौ. पदर खोचून चिंच आणि मीठ घेऊन बसल्या, आणि भाची किंचाळली, ‘मामी, थांब! आम्ल आहे ते! धातू खातं!’ दरवर्षीच्या घासण्याने नक्षीतल्या मोराची चोच झिजून गेलीय, हे तिने भिंगातून दाखवलं. मामी म्हणाल्या, ‘काळी समई गौरीपुढे ठेवू? बायका काय म्हणतील?’ वाद दोन दिवस चालला. शेवटी मऊ फडक्याने पुसण्यावर तडजोड झाली. आलेल्या बायकांनी समईकडे बघितलंही नाही, त्या नव्या पडद्यांकडे बघत होत्या.

मग ट्रंक उघडली. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर जर तिथेच तुटते, म्हणून अधूनमधून घडी बदलायची आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची, हे तिने शिकवलं. डांबराच्या गोळ्या थेट कपड्यावर ठेवण्याची आमच्या पिढीची पद्धत तिने एका कटाक्षात मोडीत काढली. या सेवेचे आम्ही तिला किती दिले? संग्रहालयं देतात तेवढेच.

पुण्यात तिला केळकर संग्रहालयात घेऊन गेलो होतो. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री पाहताना आमच्यामागे एक कुटुंब होतं. त्यातल्या आजी प्रत्येक कपाटापुढे म्हणत होत्या, ‘हे आपल्याकडे होतं, बोहारणीला दिलं.’ सबंध मराठी मध्यमवर्ग बोहारणीकडून स्टीलची पातेली घेत असताना हे जमवत बसला एक माणूस. दिनकर केळकर कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावाने आणि धंदा करायचे चष्म्यांचा. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि सगळा संग्रह राज्याच्या हवाली केला. पदविका नाही, अनुभव नाही. त्या जाहिरातीला त्यांनी अर्ज केला असता तर छाननीतच बाद झाले असते.

भाचीने अर्ज केलाय. मुलाखतीचं बोलावणं आलं तर जाईल, नाहीतर एका खासगी संग्रहाचं डिजिटायझेशनचं काम मिळतंय, तेही कंत्राटीच. पेशवाईतला अडकित्ता कायमचा आणि त्याची काळजी घेणारी मुलगी अकरा महिन्यांची, हे मला पटत नाही. या सदराच्या वाचकांत संग्रहालयांचे काही विश्वस्त आहेत. ते अधूनमधून पत्रंही लिहितात, बहुतेक शुद्धलेखनाबद्दल. त्यांना विनंती, पुढच्या जाहिरातीत अनुभवाची अट काढा आणि पगाराचा आकडा छापा.