सगळ्यांची एकच मावशी?

परदेशी शाळांशी होणाऱ्या विद्यार्थी-आदानप्रदानात आपण काय आणले, याचा हिशेब दौऱ्याच्या अहवालात चोख मांडलेला असतो. काय दिले, किंबहुना आपल्याला काय विचारले गेले, याची नोंद सहसा होत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका दौऱ्यात विद्यार्थ्यांसमवेत जपानला जाण्याचा योग आला, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली.

यजमान प्राथमिक शाळेत पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेल्या मुलांनीच सर्वांना जेवण वाढले. जेवणानंतर झाडू आणि ओली फडकी बाहेर आली. 'सोजी' हा तिथल्या वेळापत्रकाचाच भाग. देखभालीचे कर्मचारी तिथेही असतात. पण वर्ग, जिने, अनेक शाळांत स्वच्छतागृहेदेखील मुले साफ करतात. आमच्या मुलांनी भराभर छायाचित्रे काढली. इतक्यात एका मुलीने विचारले, "तुमची शाळा कोण झाडते?"

"मावशी," आमच्यातला एकजण सहज म्हणाला. दुभाषिणीने 'आईची बहीण' असा शब्दशः अनुवाद केला. त्या मुलीने आश्चर्याने विचारले, "सगळ्यांची एकच मावशी?"

आमची मुले हसली. मला हसता आले नाही. जिला आपण नात्याने हाक मारतो, तिचे पूर्ण नावही आपल्याला ठाऊक नसते. झाडू पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या हाती राहिला, हा प्रश्न त्या जिव्हाळ्याच्या संबोधनाखाली अलगद झाकला जातो. भाषेचे अध्यापन करणाऱ्या मला हे दिसायला एक चुकीचा अनुवाद लागावा!

जपानला निष्कलंक ठरवण्याचा येथे हेतू नाही. 'हलकी' मानलेली कामे करणाऱ्या बुराकु समाजाचा हीन दर्जा तिथे १८७१ मध्ये कायद्याने संपला, भेदभाव मात्र पुढेही उरला. मुलांच्या हाती फडके दिल्याने समाज आपोआप निर्मळ होत नाही. उलट, 'आमच्याकडे हे होतेच' ही फुशारकीही तितकीच पोकळ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात उघडलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करत, हे खरेच. पण आज आपण त्यांच्या पुण्यतिथीला भाषणे करतो आणि नंतर सभागृह मावशी झाडतात.

परतल्यावर, आठवड्यातून एकदा तरी मुलांनी आपला वर्ग झाडावा, अशी सूचना मी केली. "फी काय मुलांनी झाडू मारायला भरतो?" असे एका पालकाने विचारले आणि विषय संपला. अहवाल मात्र देखणा छापला गेला; मुखपृष्ठावर फरशी पुसणारी जपानी मुले होती.

परसंस्कृतीचे दर्शन हे अखेर आरशासारखे असते. त्यात केवळ समोरच्याचे रूप न्याहाळून परतायचे असेल, तर छायाचित्रांचा संग्रह पुरे. त्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. त्या मुलीला उत्तर देणे अजून बाकी आहे, आणि ते जपानी भाषेत द्यायचे नसून आपल्याच शाळेच्या आवारात द्यायचे आहे.