गन वेग मोजते, अंतर कोण मोजणार?

पावसाळा लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील तरुण मंडळी मोटारसायकलींचा घोळका करून सहस्रकुंडचा धबधबा पाहायला निघतात. कोणी कळंबच्या चिंतामणीला जातात. वाटेत वेग मोजणारे पोलीस दिसले की पुढचा कचकन ब्रेक दाबतो आणि मागचे त्याच्या अंगावर येतात. मग दोष पोलिसांचा! ते केवळ दंडासाठी उभे असतात, असे म्हटले जाते. ही तक्रार आपण पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू.

पोलिसांची लेसर गन प्रकाशाचे सूक्ष्म स्पंद सोडते. ३०० मीटरवरील गाडीवर आपटून स्पंद परत यायला सेकंदाचा अवघा पाच लाखावा भाग लागतो. गाडी जवळ येते तसा हा काळ घटतो; त्यावरून वेग कळतो. झोत अरुंद असल्याने घोळक्यातील एकच गाडी टिपता येते. रडारचा झोत मात्र रुंद असतो. तेव्हा 'हा वेग नेमका कोणाचा?' हा प्रश्न रास्त आहे. यंत्र तपासलेले असावे, ही मागणीही रास्त आहे. १ जुलै २०२५ पासून वेगमापक रडारची शासकीय पडताळणी आपल्या देशात बंधनकारक झाली आहे.

परंतु यंत्र अचूक असले तरी ते दोन गाड्यांमधील अंतर मोजत नाही, आणि घोळक्यात खरा धोका तेथेच असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते. पुढच्याचा लाल दिवा दिसून आपला ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मधले अंतर ५ मीटरच असेल, तर ते ०.३ सेकंदाचे झाले! तिसऱ्याचा ब्रेक दोन सेकंद उशिरा लागतो, चौथ्याचा तीन. ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० ला २८ मीटर लागत असतील, तर ८० ला ५० लागतात. ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. आणि मिळते काय? यवतमाळ ते कळंब प्रवासात पाच-सहा मिनिटे!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : वेगावर पोलिसांचा पहारा हवाच, पण अंतराचा पहारा प्रत्येकाने स्वतःच ठेवला पाहिजे. जोडीजोडीने न जाता नागमोडी रांग धरावी. तिरकस पुढच्यापासून एक सेकंद आणि सरळ पुढच्यापासून दोन सेकंद मागे राहावे. वळणावर किंवा अरुंद रस्त्यावर एकेरी रांग करावी.

विद्यार्थी मित्रांनो, परवान्याचे वय होईपर्यंत तुम्हाला गाडी चालवायची नाही. पण मागे बसून मोजता येईल. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी पोचली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. ते संपण्यापूर्वीच तुम्ही दगडापाशी पोचलात, तर दादाला सांगा, "जरा मागे राहा." पोलीस एखाद्या वेळी सोडतीलही, गतीचे नियम कोणालाच सोडत नाहीत.